ओटीपी कुणाच्या खिशात?

ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या कुठल्या सिस्टिममध्ये कोण शिरू शकतं याची यादी करायला बसलं, की सुरुवात सिमकार्डापासून करावी लागते. ई-वे बिल (माल रस्त्यानं नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल), जीएसटी, फास्टॅगचं वॉलेट, ‘वाहन’ आणि ‘सारथी’ ही आरटीओची पोर्टलं, गाड्यांच्या जीपीएसचं पोर्टल, डिझेलचं फ्लीट कार्ड, बँक, टॅली, बिल्टीचं (माल ताब्यात घेतल्याच्या पावतीचं) सॉफ्टवेअर. न्हावाशेवा बंदराचं काम असेल तर वर आइसगेट (कस्टमचं पोर्टल) आणि शिपिंग लाइनची पोर्टलं. वीस-पंचवीस गाड्यांच्या ऑफिसातही ही यादी सहज डझनावर जाते. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर ज्याच्या खिशात, त्याच्याच हातात धंदा. कोल्हापूर भागातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसी, मार्केट यार्ड इथल्या ऑफिसांत हे काम करताना बाकीचं पुढंमागं झालं तरी चालतं. नंबरांचं काम आधी, हा क्रम मात्र मोडायचा नाही.

त्यासाठी आधी एक वही घ्यायची. एक्सेल शीट करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती फाइल आठवडाभरात कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पोचलेली असते. वही तिजोरीत राहते. रकाने असे: सिस्टिमचं नाव, यूजर आयडी, नोंदवलेला मोबाइल, ते सिम कागदावर कुणाच्या नावावर आहे, नोंदवलेला ईमेल, आणि तो ईमेल परत मिळवायचा झाला तर कोड कुठं जातो. पासवर्ड या वहीत लिहायचा नाही.

नोंदवलेला नंबर कुठला, हे ऑफिसात विचारून बहुतेक वेळा कळत नाही. जो तो म्हणतो, ‘मालकांचाच असेल’. प्रत्येक पोर्टलवर पासवर्ड विसरल्याच्या पानापर्यंत जायचं. बरीच पोर्टलं नंबराचे शेवटचे दोन-चार आकडे दाखवतात, तेवढे टिपून मागं फिरायचं. मग एकेक उलगडा होतो. एका पोर्टलवर सोडून गेलेल्या दिवाणजींचा नंबर, दुसऱ्यावर सीएच्या ऑफिसातल्या मुलाचा, फास्टॅगवर ज्या ड्रायव्हरनं टॅग लावून आणला त्याचा स्वतःचा. ईमेल तर बऱ्याचदा संगणक बसवणाऱ्यानं त्या दिवशी घाईत उघडून दिलेला असतो आणि त्याच्या रिकव्हरीला त्याचाच फोन असतो. सगळ्यांत धोक्याचा नंबर म्हणजे रिचार्ज न केल्यामुळं बंद पडलेला. तो काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो.

नवीन सिम फर्मच्या नावावर, पोस्टपेड घ्यायची. किमान दोन: एक बँक आणि सरकारी पोर्टलांसाठी, दुसरं फास्टॅग, जीपीएस, डिझेल कार्ड यांच्यासाठी. पहिला नंबर व्हिजिटिंग कार्डावर छापायचा नाही, बिल्टीवर तर नाहीच. आपल्याकडं बिल्टीच्या माथ्यावर जो ठळक नंबर असतो तोच बँकेलाही दिलेला असतो. ही सवय मोडायला सगळ्यांत जास्त वाद घालावा लागतो.

नंबर बदलण्याची वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. जीएसटीवर प्राधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल-ईमेल नोंदणीच्या ‘नॉन-कोअर’ (किरकोळ) दुरुस्तीत बदलतो, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पण तिथं बदलला म्हणून ई-वे बिलवर आपोआप बदलेल असं धरून चालू नये. त्या पोर्टलवर अपडेटच्या मेनूतून जीएसटीची ताजी माहिती ओढून घ्यावी लागते. लोक इथंच अडकतात आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून सोडून देतात. ‘वाहन’वर गाडीगणिक चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, तेव्हा आरसी बुकांचा गठ्ठा आधी काढून ठेवायचा. फास्टॅगचा नंबर टॅग देणाऱ्या बँकेकडूनच बदलतो. हा बदल टाळू नये, कारण किणी, तासवडे, कोगनोळी असे टोल कापल्याचे मेसेज ज्याच्या फोनवर जातात त्याला गाडी कुठं आहे हे घरबसल्या कळत असतं.

आता ई-वे बिल. रोजचा वापर सगळ्यांत जास्त याचाच, आणि सगळ्यांत ढिला कारभारही इथंच. रात्री साडेआठला फाउंड्रीच्या दारात गाडी भरून उभी, चाकणला कास्टिंग जायचंय, बिलाचा पार्ट ए (मालाची माहिती) फाउंड्रीनं भरलाय, पार्ट बीत गाडी नंबर ट्रान्सपोर्टनं टाकायचाय. मग मालकांना, म्हणजे अण्णांना, फोन जातो.

“अण्णा, ओटीपी आलाय का बघा की.”

“थांब जरा, चष्मा कुठं ठेवलाय… हं, चार, सात, शून्य…”

अण्णा जेवायला बसलेले, क्लार्क तिकडं आकडे टाइप करतोय, शेजारी ड्रायव्हर आणि दोन हमाल ऐकतायत. अण्णांना रोज रात्री फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली, की उद्या ‘पोर्टलवरून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्यालाही ते तितक्याच सहजतेनं सांगतात. फसवणूक होते ती या सवयीमुळं.

ई-वे बिल पोर्टलवर दुहेरी पडताळणी टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये १०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींच्या वर, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींच्या वर आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. तेव्हापासून ओटीपीचे फोन वाढले, म्हणजे सुरक्षेसाठी आणलेल्या गोष्टीनं नवीन भोक पडलं. यावरचा उपाय पोर्टलमध्येच आहे: सब-यूजर. मुख्य लॉगिनमध्ये यूजर मॅनेजमेंटखाली सब-यूजर तयार करता येतो, त्याला स्वतःचा मोबाइल नंबर देता येतो आणि ओटीपी त्याच्याच नंबरवर जातो. काय करू द्यायचं तेही ठरवता येतं. रात्रपाळीच्या क्लार्कला फक्त गाडी नंबर टाकायचा आणि बदलायचा अधिकार द्यायचा. बिल रद्द करणं दिवसाच्या माणसाकडं ठेवायचं. रद्द करायला २४ तास मिळतात, त्यामुळं रात्री कुणाची अडचण होत नाही. एका सब-यूजरवर दोन माणसं बसवायची नाहीत. तसं केलं तर परत ‘ओटीपी आलाय का बघा की’ सुरू.

ओटीपी एसएमएसनं येतो, संदेस या सरकारी मेसेजिंग ॲपवर येतो, किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड या ॲपवर दिसतो. आम्ही शील्डच बसवायला सांगतो. ते पोर्टलवरूनच उतरवायचं, मेसेजात आलेल्या लिंकवरून कधीच नाही. त्यातला आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला ना नेट लागतं ना रेंज. पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीशेजारी एसएमएस दहा-दहा मिनिटं अडकतो, तिथं याचा फायदा लगेच कळतो. कोड बरोबर असूनही ‘चुकीचा ओटीपी’ येत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा फोनचं घड्याळ पुढं-मागं झालेलं असतं. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाकली की काम होतं.

पार्ट बी अडला म्हणून सरळ गाडी सोडून देणारेही आहेत. राज्यातल्या राज्यात माल पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंत ५० किलोमीटरच्या आत पार्ट बी लागत नाही, त्यामुळं शिरोलीतून मार्केट यार्डात गाडी आणून उभी करायला हरकत नाही. पण तिथून पुढं चाकणला निघताना तो भरलेलाच हवा. वाटेत पकडली तर कराच्या दुप्पट दंडाची भाषा सुरू होते, आणि गाडी अडकून पडते ती वेगळीच.

गोडाऊन आणि गेटचा प्रश्न वेगळा. तिथं एकच टॅबलेट असतो, तीन पाळ्यांतली माणसं तोच वापरतात, आणि सकाळी पहिल्यानं उघडलेलं लॉगिन रात्रीपर्यंत तसंच राहतं. पोते कमी आलं तर नोंद कुणी केली हे कुणालाच सांगता येत नाही. पहिला विचार बोटाच्या ठशाचा येतो, विकणाराही तेच गळ्यात मारतो. फाउंड्रीत ते चालत नाही: मोल्डिंगच्या वाळूत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या बोटावरच्या रेषाच झिजलेल्या असतात. मार्केट यार्डात गुळाच्या हंगामात दुसरीच तऱ्हा. रवे (गुळाच्या ढेपा) उचलणाऱ्या हमालाची बोटं चिकट, सेन्सरच्या काचेवर गुळाचा पातळ थर बसतो, त्यावर पोत्याचा भुसा. चौथ्या माणसानंतर यंत्र कुणालाच ओळखत नाही. मग कुणीतरी सुपरवायझरचा पिन विचारून घेतो आणि दिवसभर सगळं काम सुपरवायझरच्या नावावर पडतं. काच ओल्या फडक्यानं पुसून कोरडी केली तर तासभर निभतं, पण घाईच्या वेळी पुसणार कोण.

तिथं टिकतं ते कार्ड आणि पिन. गळ्यात एनएफसी कार्ड, ते टॅबलेटला टेकवायचं आणि सहा आकडी पिन टाकायचा. क्यूआर कोडवालं कार्ड स्वस्त पडतं, पण त्याचा फोटो काढून गैरहजर माणसाची हजेरी लावली जाते, म्हणून ते टाळावं. पिन चार आकडी ठेवला तर निम्मे लोक जन्मसाल टाकतात. पाच मिनिटं हात लागला नाही तर टॅबलेट आपोआप लॉक व्हायला हवा. दोन मिनिटांवर ठेवलात तर लोक वैतागून कायम चालू ठेवायची युक्ती शोधतात. टॅबलेटवर बिल्टीच्या ॲपशिवाय दुसरं काही उघडू नये अशी किऑस्क सेटिंग अँड्रॉइडमध्ये करता येते. ती न केल्यास दुपारच्या सुट्टीत त्यावर क्रिकेट सुरू असतं.

बिल्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच ऑफिसांत सगळेच ‘ॲडमिन’ असतात, कारण बसवताना तेच सोपं गेलेलं असतं. अधिकार वाटताना हुद्द्यापेक्षा काम बघायचं. बुकिंगवाल्यानं बिल्टी काढावी, पण छापल्यानंतर दर बदलू नये. गेटवाल्याला आत-बाहेर एवढंच दिसावं. गाडीत काय माल आहे आणि त्याची किंमत किती, हे त्याला कशाला दिसायला हवं? कुठली गाडी किती किमतीचा माल घेऊन किती वाजता कुठून निघाली ही माहितीच चोराला हवी असते. माल मिळाल्याची पोच आली की तिचा फोटो चढवणारा वेगळा आणि भाडं सोडणारा वेगळा.

भाडोत्री गाडीचं बाकी भाडं हे पैसे जाण्याचं सगळ्यांत सोपं ठिकाण. ‘खातं बदललंय, या नंबरवर टाका’ असा व्हॉट्सॲप येतो, खाली गाडीमालकाचाच फोटो लावलेला असतो. नवीन खातं एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं, आणि मंजूर करणाऱ्यानं मेसेजातल्या नंबरवर फोन न करता जुन्या रजिस्टरातल्या नंबरवर करायचा. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

निर्यातीचं काम असणाऱ्यांसाठी डिजिटल सहीचं टोकन. क्लास ३ चं यूएसबी टोकन आणि त्याच्यावरच चिकटपट्टी लावून लिहिलेला पिन, असं चित्र इतक्या ठिकाणी दिसतं की आता आश्चर्य वाटत नाही. काही कारखानदार तर आपलं टोकन कस्टम ब्रोकरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून मोकळे होतात. शिपिंग बिल ब्रोकर स्वतःच्या सहीनं भरतो, त्याला तुमच्या टोकनाची गरज नसते. उलट आइसगेटवर रोडटेप या निर्यात-सवलत योजनेच्या ई-स्क्रिप (सीमाशुल्क भरायला चालणारं क्रेडिट) तुमच्या लेजरमध्ये पडलेल्या असतात, त्या हस्तांतरणीय असतात, आणि बनावट सही मिळवून त्या परस्पर वळवल्याचे प्रकार देशात झालेले आहेत. टोकन तिजोरीत, पिन ज्याची सही त्याच्या डोक्यात, आणि लेजर महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघायचं. पिन सारखा चुकला की टोकन लॉक होतं. तेव्हा अंदाजानं मारत बसू नये.

ऑफिसातल्या संगणकावर टॅलीवाला, बिल्टी सॉफ्टवेअरवाला, जीपीएसवाला असे तिघं-चौघं दुरून आत येतात. प्रत्येकानं स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकून कायमचा पासवर्ड लावलेला असतो आणि तो त्याच्याकडच्या सगळ्या पोरांना माहीत असतो. कायमचा पासवर्ड काढून टाकायचा. काम असेल तेव्हा आपल्याकडच्या माणसानं ‘परवानगी द्या’ दाबायचं आणि काम संपेपर्यंत तिथंच बसायचं. राउटरवर ३३८९ हा (दुरून संगणक वापरायचा) पोर्ट बाहेरून उघडा आहे का ते बघायचं. घरून टॅली बघता यावं म्हणून तो बऱ्याचदा उघडलेला असतो, आणि खंडणीखोर व्हायरसवाले जगभर हाच पोर्ट चाचपडत असतात. रोजच्या कामाचं विंडोज खातं साधं हवं, ॲडमिनचं वेगळं.

हे मोठ्यांचे प्रश्न आहेत असं कुणी म्हणालं तर ब्रिटनमधल्या केएनपी लॉजिस्टिक्सकडं बोट दाखवायचं. नाईट्स ऑफ ओल्ड नावानं १८६५ पासून चालत आलेला मालवाहतुकीचा धंदा, पाचशेच्या आसपास ट्रक. २०२३ च्या जूनमध्ये एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड अंदाजानं ओळखून हल्लेखोर आत शिरले असं मानलं जातं. डेटा कुलूपबंद झाला, सप्टेंबरात कंपनी बंद झाली, सातशेच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा दुहेरी पडताळणीबरोबर बॅकअपची एक हार्डडिस्क अशी हवी जी बॅकअप घेऊन झाला की केबल काढून ठेवली जाते. कायम लावून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. न उघडणारा बॅकअप बघितलाय म्हणून सांगतो. हल्ला झालाच तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, आणि लॉग (कोण कधी शिरलं, काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. बिल्टी सॉफ्टवेअर ज्याच्याकडून घेतलंय त्याला लॉग किती दिवस ठेवतो ते लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत बराच वेळ जातो, त्यातच काय ते समजतं.

माणूस काम सोडून जातो तो दिवस. इथं क्लार्क एका ट्रान्सपोर्टातून उठून समोरच्याच ट्रान्सपोर्टात बसतो, दर आणि पार्ट्या त्याच्या फोनमध्ये असतात. वाईट वाटेल म्हणून कुणी लगेच काही बंद करत नाही. हिशेब चुकता करतानाच, त्याच टेबलावर, वही उघडून बंद करायचं: आधी ऑफिसचा ईमेल सगळ्या उपकरणांवरून साइन आउट, मग ई-वे बिलचा सब-यूजर फ्रीझ, मग बिल्टी, जीपीएस, बँकेतला मेकर (व्यवहार भरणाऱ्याचं लॉगिन), शेवटी व्हॉट्सॲप ग्रुप. ईमेल आधी घ्यायचा, कारण बाकीचे पासवर्ड त्यावरूनच परत मिळवता येतात. सिम फर्मचं असेल तर ते परत घेतलं की निम्मं काम झालेलं असतं. माणसासमोरच केल्यानं संशयाचा वास राहत नाही; उद्या काही गेलं तर त्याच्यावरही आळ येत नाही, हे त्याला सांगितलं की तोच पुढं होऊन मदत करतो.

पुराचा विचार कोल्हापुरात वेगळा करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि गाड्या जिथल्या तिथं थांबल्या. ई-वे बिलला साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, मुदतवाढ मुदत संपण्याच्या ८ तास आधी ते ८ तास नंतर एवढ्याच वेळात घेता येते, आणि कारणांत नैसर्गिक आपत्ती हा पर्याय असतो. पण मुदतवाढ टाकणारा माणूस पाण्यापलीकडं आणि ओटीपीचा फोन बंद ऑफिसात, असं झालं तर त्या सोळा तासांचा उपयोग काय? म्हणून जूनच्या आधी दोन गोष्टी. मुदतवाढीचा अधिकार असलेला एक सब-यूजर नदीच्या या बाजूचा, एक त्या बाजूचा. आणि आणीबाणीचं लॉगिन व ऑथेंटिकेटरचे रिकव्हरी कोड छापून दोन बंद पाकिटांत, पाकिटावर आडवी सही, दोन पाकिटं दोन वेगळ्या घरांत, जिथं पाणी चढत नाही अशा ठिकाणी. पाकीट फोडलं की कोड नवे काढायचे. याच वेळी छापील अनुक्रमांकाची कोरी बिल्टीबुकं पुरेशी आहेत का तेही बघायचं. सिस्टिम आपल्या चुकीनंच बंद पडते असं नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसनं मर्स्क या शिपिंग कंपनीचा कारभार जगभर ठप्प केला, तेव्हा न्हावाशेव्याच्या जीटीआय टर्मिनलचं कामही अडकलं होतं.

भाडोत्री गाडीच्या ड्रायव्हरचं काय, याला पूर्ण उत्तर अजून कुणाकडं नाही. तो आज तुमच्याकडं, उद्या दुसऱ्याकडं. त्याला लॉगिन द्यायचं नाही आणि ॲपही डाउनलोड करायला लावायचं नाही. फोनमध्ये जागा नसते आणि तो करतही नाही. त्याच्या नंबरवर एका फेरीपुरती लिंक पाठवायची, तिच्यात पोचचा फोटो चढवण्याशिवाय काही नको, माल उतरल्यावर ४८ तासांत ती मरायला हवी. करूळ किंवा आंबा घाटात रेंज जाते, त्यामुळं फोटो फोनमध्येच थांबून रेंज आल्यावर जाईल अशी सोय सॉफ्टवेअरवाल्याकडं मागून घ्यायची. गाडी भरण्याआधी आरसी एमपरिवहन या सरकारी ॲपवर तपासायची, लायसन्सवरचा फोटो समोरच्या चेहऱ्याशी जुळवायचा, आणि ड्रायव्हरनं दिलेल्या नंबरवर समोर उभं राहून एकदा रिंग द्यायची. त्याच्याच खिशात वाजली तर लिंक पाठवायची.